घरच्या समुद्री टाकीत स्पंज: विकत आणावा की आपसूक येऊ द्यावा?

बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या दिवाणखान्यात दोनशे लिटरची समुद्री टाकी आहे आणि तिला दीड वर्ष होऊन गेले आहे. टाकीत क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, काही मशरूम प्रवाळ आणि खाली सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत, स्किमर हे फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र अशी मांडणी आहे. मुंबईच्या एका दुकानदाराने त्यांना नारिंगी, फांद्याफांद्यांचा समुद्री स्पंज पाठवण्याची तयारी दाखवली असून, "याला प्रकाश लागत नाही, खाणे लागत नाही, उलट हाच तुमचे पाणी स्वच्छ ठेवील" असे सांगितले आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. हा स्पंज घ्यावा का? स्पंज आल्यावर फिल्टरवरचा भार कमी होईल का? आणि सम्पमध्ये, दगडांच्या मागच्या अंधाऱ्या बाजूला, नखाएवढे पांढरे सुरईच्या आकाराचे जीव दिसू लागले आहेत, ते खरवडून काढावेत का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर "घेऊ नये" असे आहे आणि तिसऱ्याचे "मुळीच काढू नयेत" असे आहे. तुम्ही पैसे देऊन जो स्पंज आणू पाहत आहात तो बहुधा तुमच्याकडे टिकणार नाही, आणि घरच्या टाकीला जे खरोखर मानवतात ते स्पंज न बोलावता तुमच्या सम्पमध्ये येऊन राहिले आहेत. असे का, हे कळण्यासाठी स्पंज खातो काय, हे आधी पाहावे लागेल.

स्पंजाला तोंड, पोट, मज्जातंतू किंवा स्नायू यांपैकी काहीच नसते. त्याच्या अंगावर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून पाणी आत शिरते, आतल्या नलिकांच्या जाळ्यातून फिरते आणि वरच्या मोठ्या छिद्रातून बाहेर पडते. या प्रवाहाची दिशा एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँट यांनी १८२५ च्या सुमारास जिवंत स्पंजाचे निरीक्षण करून दाखवून दिली, आणि त्यानंतर स्पंज हा प्राणीच आहे याविषयीची शंका हळूहळू मिटली. हा प्रवाह निर्माण करतात त्या आतल्या पोकळ्यांच्या अस्तरातील गळपट्टीधारी पेशी. प्रत्येक पेशीचा एकेक शेपटीसारखा तंतू सतत हलत असतो आणि त्या तंतूभोवतीच्या गळपट्टीत अन्नकण अडकतात. एखादा निरोगी स्पंज दिवसभरात आपल्या आकारमानाच्या हजारो पट पाणी अशा रीतीने आपल्या शरीरातून खेळवतो. पाणी आत घेणारी छिद्रे बहुधा ५० मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, आणि गळपट्टीत अडकणारे अन्न त्याहून पुष्कळ बारीक, म्हणजे अर्धा ते दोन मायक्रॉनचे जीवाणू आणि त्याच मापाच्या आसपासच्या वनस्पतिप्लवकांच्या पेशी, असे असते. दुकानदार कधीकधी "आठवड्यातून दोनदा आर्टेमिया (माशांना खाऊ घालतात ते कोळंबीसारखे बारीक जीव) सोडा" असे सुचवतात. नुकते फुटलेले आर्टेमियाचे पिल्लू सुमारे ४०० मायक्रॉनचे असते. ते स्पंजाच्या पोटी कसे जाणार?

आता तुमच्या टाकीकडे पाहा. स्किमर विरघळलेले सेंद्रिय द्रव्य आणि जीवाणू फेसाबरोबर बाहेर काढतो. सक्रिय कोळसा उरलेले सेंद्रिय द्रव्य शोषून घेतो, आणि यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) बसवला असेल तर तो तरंगते जीवाणू मारतो. म्हणजे पाणी नितळ दिसावे यासाठी आपण जी जी उपकरणे लावतो, ती सगळी स्पंजाच्या ताटातले अन्न उचलून नेतात. प्रवाळभित्तीवर या अन्नाचा ओघ चोवीस तास चालू असतो आणि तो संपत नाही. दोनशे लिटरमध्ये मुठीएवढा स्पंज ठेवला तर तेच पाणी तो पुन्हापुन्हा गाळत बसतो.

उपासमार झाली तरी स्पंज लगेच मरत नाही, आणि सगळा गैरसमज येथूनच सुरू होतो. तो आपल्याच पेशी वापरत हळूहळू आतून रिकामा होतो. सांगाडा व रंग बराच काळ तसाच राहतो, त्यामुळे मालकाला स्पंज ठणठणीत वाटतो. मग काही महिन्यांनी एखाद्या फांदीच्या टोकाला करडा, साय धरल्यासारखा थर दिसतो. जवळून, शक्यतो भिंगातून पाहिल्यास त्या जागी पृष्ठभाग विरळ झालेला असतो आणि आतल्या काचेच्या सूक्ष्म सुया, म्हणजे त्याच्या सांगाड्याचे काटे, उघडे पडून बाहेर डोकावतात. पिपेटने हलका झोत सोडला की तो थर धुरासारखा उडतो. त्या वेळी निर्णय घेण्यासाठी हाताशी एक-दोन दिवसच असतात, कारण त्यानंतर कुजणे झपाट्याने पसरते. "माझ्याकडे सहा महिने जगला" असे जेव्हा कोणी सांगते, तेव्हा तो सहा महिने जगला की सहा महिने मरत होता, हे विचारून घ्यावे.

दुसरा धोका प्रवासाचा. बहुतेक स्पंज पाण्याबाहेर काढले की नलिकांमध्ये हवा शिरते आणि ती हवा बाहेर ढकलण्याची सोय स्पंजाकडे नसते. ज्या भागात हवा अडकते त्या भागातला प्रवाह थांबतो आणि तो भाग कुजतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले काही स्पंज रोज काही तास उघडे पडूनही जगतात हे खरे, परंतु दुकानात मिळणारे रंगीत फांदीदार स्पंज त्या जातीचे नसतात. पकडणाऱ्याने, निर्यातदाराने, मुंबईच्या दुकानदाराने आणि पिशवी भरणाऱ्या मुलाने, अशा चार हातांपैकी कोणी एकानेही तो क्षणभर वर उचललेला नाही, याची खात्री तुम्हाला कोण देणार? त्यात मुंबई-बडोदे हा प्रवास मे महिन्यात, बंद डब्यात, पिशवीतले पाणी तापत असताना झाला तर बोलायलाच नको.

"पाणी स्वच्छ ठेवतो" हे विधान अर्धे खरे आहे, म्हणून त्याची नीट छाननी करायला हवी. स्पंज पाण्यातील कण आणि विरघळलेले सेंद्रिय द्रव्य दोन्ही घेतो, यात वाद नाही. परंतु घेतलेल्याचे पुढे काय होते? यस्पर दे गुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले की, प्रवाळभित्तीच्या कपारींत राहणारे स्पंज विरघळलेले सेंद्रिय द्रव्य शोषतात आणि त्याच्या बदल्यात जुन्या पेशी भराभर टाकून देतात. या टाकलेल्या पेशींचा गाळ कृमी, खेकडे आणि इतर लहान जीव खातात. प्रवाळभित्तीवरच्या, पोषकद्रव्यांनी गरीब पाण्यात एवढी जीवसृष्टी कशी पोसली जाते, याचे एक कारण त्यातून पुढे आले. टाकीच्या हिशेबात मात्र याचा अर्थ असा होतो की स्पंज घाणीचे रूप बदलतो, ती टाकीबाहेर नेत नाही. शिवाय तो स्वतः अमोनिया सोडतोच. घाण टाकीबाहेर जाते ती स्किमरच्या कपातून आणि पाणी बदलताना बादलीतून. तेव्हा स्पंज आला म्हणून स्किमर बंद करण्याचा किंवा पाणी बदलणे लांबवण्याचा विचार करू नये.

उलट मोठा स्पंज मेला तर दोनशे लिटरच्या टाकीत अमोनिया एकदम चढतो. काही जातींच्या अंगी असलेली रसायनेही तीव्र असतात. जागचा हलू न शकणारा हा प्राणी शत्रूंना आणि शेजाऱ्यांना दूर ठेवतो तो रसायनांच्याच जोरावर. रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाणारे सायटाराबिन हे औषध कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजात १९५० च्या सुमारास सापडलेल्या द्रव्यांवरून घडवलेले आहे. अशी रसायने बंद टाकीत सुटली तर मासे आणि प्रवाळ दोघांनाही त्रास होऊ शकतो.

आता सम्पमधल्या त्या पांढऱ्या जिवांकडे येऊ. वर्णनावरून ते सायकॉन किंवा त्याच्या जवळच्या कुळातील चुनखडी काट्यांचे स्पंज दिसतात. वरच्या मोठ्या छिद्राभोवती बारीक काट्यांची झालर असेल तर शंका उरत नाही. ते प्रवाळावर चढत नाहीत, कोणाला इजा करत नाहीत, आणि एकाएकी पुष्कळ होऊन काही महिन्यांनी तितक्याच एकाएकी कमीही होतात. कमी झाले म्हणून घाबरू नका. त्यांचे असणे हे पाण्यात त्यांना खायला पुरेसे जीवाणू आहेत याचे चिन्ह आहे. दगडांच्या खालच्या अंगाला पिवळे, करडे, जांभळट पातळ थर दिसत असतील तर तेही बहुधा स्पंजच आहेत, आणि घरच्या टाकीला खऱ्या अर्थाने योग्य ते हेच. ते तुमच्याच पाण्यात, तुमच्याच अन्नावर, जिथे जमेल तिथेच वाढलेले असतात, म्हणून टिकतात.

टाकीत आपसूक येणाऱ्या स्पंजांविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. टेथिया विल्हेल्मा हा सुमारे सेंटिमीटरभराचा गोल पांढरट स्पंज २००१ मध्ये विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला, आणि तो सापडला जर्मनीतील श्टुटगार्टच्या विल्हेल्मा प्राणिसंग्रहालयाच्या मत्स्यालयात. तो लयीने आकुंचन पावतो, काचेवरून अत्यंत सावकाश सरकतो आणि अंगाला कळ्या फुटून वाढतो. स्नायू आणि मज्जातंतू नसताना प्राणी हालचाल कशी करतो, याच्या अभ्यासासाठी तो आज प्रयोगशाळांतून सांभाळला जातो. समुद्री टाकी ठेवणाऱ्यांकडे टेथियाच्या कुळातले असे गोळे अधूनमधून दिसतात. काचेवर मोहरीएवढा पांढरा ठिपका दिसला तर ब्लेड चालवण्यापूर्वी आठ दिवस थांबा, ही माझी विनंती.

काही विकत घ्यायचेच असेल तर कोलोस्पॉन्जिया या नावाने विकल्या जाणाऱ्या निळ्या पापुद्रेदार स्पंजाचा विचार करता येईल. त्याच्या अंगात सायनोबॅक्टेरिया राहतात, ते प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला वाटा स्पंजाला मिळतो. म्हणून तो प्रवाळाच्या दिव्याखाली वाढतो आणि एका टाकीतून दुसऱ्या टाकीत कात्रीने कापून देता येतो. मात्र तो दुकानाऐवजी दुसऱ्या एखाद्या हौशी माणसाच्या जुन्या टाकीतून घ्यावा, म्हणजे तो टाकीच्या पाण्याला सरावलेला असतो. नारिंगी, लाल, फांदीदार, गोळेदार असे जे खोल पाण्यातले स्पंज केवळ रंगासाठी विकले जातात, ते सगळे मी नाकारतो.

किनाऱ्यावरून आणण्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण बडोद्यातून द्वारका-ओखा आणि कावी-कंबोई येथे जाणे-येणे इतके असते की हा विषय निघतोच. कावी-कंबोईला स्तंभेश्वराचे दर्शन घेऊन येताना कॅन भरून पाणी आणणारे लोक आहेत. खंभातच्या आखातात भरती-ओहोटी प्रचंड, नद्यांचा गाळ त्याहून प्रचंड, आणि क्षारता ऋतूप्रमाणे बदलती. ते पाणी प्रवाळाच्या टाकीच्या उपयोगाचे नाही. ओखामंडळाचा किनारा मात्र स्पंजांच्या दृष्टीने खरोखर समृद्ध आहे, आणि बडोद्याशी त्याचे नाते जुने आहे. तो भाग बडोदे संस्थानात होता. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०५-०६ मध्ये, समुद्रजीवांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांनी तेथील समुद्री जीवांची पाहणी बडोदे सरकारसाठी केली, आणि त्यांनी गोळा केलेले स्पंज स्पंजांचे तज्ज्ञ आर्थर डेंडी यांनी अभ्यासून त्यांचे अहवाल लिहिले. हा वारसा अभिमानाचा असला तरी तेथून पिशवी भरून आणण्याचा परवाना तो देत नाही. कच्छच्या आखातातील जामनगरजवळचा भाग १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तेथून काहीही उचलण्यास बंदी आहे. त्याशिवाय चुनखडी काट्यांचे स्पंज आणि भित्ती बांधणारे प्रवाळ यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, ते उद्यानाच्या हद्दीबाहेरही लागू होते. सापडलेला दगड मृत प्रवाळाचा आहे, ही सबब चालत नाही. विक्रेत्याकडून घेतलेल्या दगडाची आणि जिवाची पावती जपून ठेवावी.

आहेत ते स्पंज वाढावेत असे वाटत असेल तर करायचे थोडे आहे आणि न करायचे जास्त. सम्पमधला एक कोपरा दगड रचून अंधारा ठेवा. तिथे पाण्याचा मंद पण अखंड प्रवाह असू द्या आणि ते दगड घासू, हलवू नका. स्पंजांचे बहुसंख्य प्रकार सावलीच पसंत करतात, कारण उजेडात शैवाल त्यांच्यावर चढते आणि छिद्रे बुजवते. आठवड्यातून दोन-तीनदा नॅनोक्लोरोप्सिससारख्या बारीक वनस्पतिप्लवकाचे जिवंत कल्चर पाच ते दहा मिलिलिटर द्यावे आणि त्यानंतर दोन तास स्किमर बंद ठेवावा. याच वेळी एक मौजेची तपासणी करून पाहा. सगळे पंप थांबवून, पाणी स्थिर झाल्यावर, त्या पांढऱ्या सुरईच्या बुडाशी पिपेटने हिरव्या कल्चरचा एकच थेंब सोडा. स्पंज जिवंत आणि भुकेला असेल तर तो हिरवा ढग त्याच्या अंगाकडे ओढला जातो आणि क्षणभराने वरच्या छिद्रातून फिकट झालेली धार वर चढताना दिसते. मेलेल्या स्पंजापाशी ढग जागच्या जागी विरतो. पंप पुन्हा चालू करायला विसरू नका.

जीवाणूंची संख्या वाढवण्यासाठी पाश्चात्त्य हौशी लोक टाकीत थेंबथेंब व्होडका घालतात. आपल्या गुजरातेत हा उपाय सुचवण्याची सोय नाही, आणि गरजही नाही. साधे पाच टक्क्यांचे पांढरे व्हिनेगर तेच काम करते. दोनशे लिटरला रोज दीड-दोन मिलिलिटरपासून सुरुवात करावी, स्किमर चालूच ठेवावा, आणि पाण्यावर दुधाळ झाक आली तर दोन-तीन दिवस पूर्ण थांबावे, कारण जीवाणू अतोनात वाढले की पाण्यातला प्राणवायू तेच संपवतात.

बाकी पाण्याचे नेहमीचेच नियम आहेत. क्षारता हजारी ३५, तापमान २५ ते २७ अंश. बडोद्याचा उन्हाळा हे तापमान राखू देत नाही, म्हणून एप्रिल ते जून या काळात चिलर, निदान पाण्यावर वारा घालणारे पंखे हवेतच. पंख्यांनी बाष्पीभवन वाढते आणि क्षारता चढते, तेव्हा रोजची भर आरओच्या गोड्या पाण्याने घालावी, मिठाच्या पाण्याने नव्हे. नळाला आजव्याचे पाणी येवो की महीचे, ते थेट टाकीत जाऊ नये. आरओनंतर डीआय (उरलेले क्षार काढणारा गाळक) लावणाऱ्यांच्या पाण्यातून सिलिकाही निघून जाते, आणि बहुतेक स्पंजांना काटे घडवायला सिलिकाच लागते, हे खरे आहे. तरीही सिलिका वेगळी घालण्याच्या भानगडीत मी नवख्या माणसाला पाडणार नाही. ती घातली की आधी काचेवर तपकिरी डायटम (सिलिकाच्या कवचाचे सूक्ष्म शैवाल) चढतात आणि स्पंजाच्या वाट्याला फार थोडी उरते. तांबे असलेले औषध मुख्य टाकीत कधीही घालू नका. माशांवर पांढरे ठिपके आले तर त्यांना वेगळ्या टाकीत काढूनच उपचार करावा.

पुढे एंजलफिश आणण्याचा बेत असेल तर तोही आत्ताच ठरवा. मोठ्या एंजलफिशच्या अनेक जातींचे नैसर्गिक खाद्यच स्पंज आहे, आणि मुख्य टाकीतले स्पंजांचे थर ते टोचून टोचून संपवतात. सम्पमधले तेवढे सुरक्षित राहतील.

एखादा स्पंज प्रवाळाच्या बुंध्यावर चढू लागला तर मात्र तो आवरावा लागतो. कोंड्रिला नावाचा, कलेजीसारखा दिसणारा, चिवट तपकिरी स्पंज हे काम हटकून करतो. अशा वेळी टाकीतच ब्रश घेऊन खरवडू नये. एच. व्ही. विल्सन या जीवशास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या, तेव्हा त्या सुट्या पेशी पुन्हा एकत्र येऊन त्यांचे लहान स्पंज तयार झाले. खरवडलेले तुकडे पाण्यात उडाले तर दहा ठिकाणी रुजण्याची शक्यता असते. दगड टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत उचलून न्यावा, तिथे चिमट्याने आणि सुरीने स्पंज काढावा, दगड दुसऱ्या स्वच्छ समुद्री पाण्यात हलवून मगच परत ठेवावा आणि बादलीतले पाणी फेकून द्यावे. हातात रबरी मोजे हवेतच. काही स्पंजांच्या काट्यांनी आणि रसांनी हाताची त्वचा कित्येक दिवस जळजळत राहते, आणि कोणत्या जातीने ती जळेल हे नुसते पाहून सांगता येत नाही.